आधी खळ, मग खोळ

मावशी, सादर नमस्कार.

आमच्याकडे सासूबाईंची एक बुटकी खुर्ची आहे. हात नाहीत, पाठ आहे, सगळीकडून मरून मखमल. सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेली. सासूबाईंना आता खाली मांडी घालून बसवत नाही, म्हणून देवासमोर जपाला त्याच खुर्चीवर बसतात आणि नंतर तिथेच भाजी निवडतात. माझा मुलगा तीन वर्षांचा. गेल्या सहा महिन्यांत त्या खुर्चीनं दूध, पोहे, शिकंजी, सगळं चाखलंय. मखमल धुता येत नाही आणि इंदूरच्या मे महिन्यात ती टोचते ते वेगळंच. फर्निचरवाला म्हणतो रेक्झिन लावा. सासूबाई नाही म्हणतात. टेलर म्हणाला, सोफ्याची कामं आम्ही करत नाही.

माझ्याकडे माहेरचं पायाचं मशीन आहे. अभ्रे, झबली, परकर शिवलेत. दिवाळीत हिंमत करून नव्या केसमेंटच्या जाड सुती कापडाची खोळ शिवली, मागे चेन लावली. अगदी अंगाला बसली होती. पहिल्याच धुण्यात अशी आटली की चेन लागेना. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं ‘राहू दे आता’ म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

मापं देते. बसायची जागा १८ इंच रुंद, १७ इंच खोल. पाठ गादीपासून १५ इंच उंच, ३ इंच जाड. गादीची बाजू खालच्या लाकडासकट ५ इंच. त्याखाली ९ इंचांचे पाय. पुन्हा करू का, की रेक्झिनच लावून टाकू?

— एक सून, सुदामा नगर, इंदूर

अगं, पुन्हा कर. आणि ती पहिली खोळ टाकून दिली नसशील तर आधी टेप घेऊन ती मोज. मागची बाजू कापताना किती इंच धरली होतीस ते आठवत असेलच, आता किती भरते बघ. वीस इंचांची एकोणीस झाली असेल तर कापड शंभरात पाच आटलं. सुती कापडाचं हे नेहमीचंच गणित आहे. न धुतलेलं सुती कापड शंभरात तीन ते पाच आटतं, विरळ विणीचं त्याहूनही जास्त, आणि आडव्या धाग्यापेक्षा उभ्या धाग्यात अधिक. म्हणून तुझी खोळ रुंदीला जेमतेम पुरली असेल आणि उंचीला तोकडी पडली असेल. तुझ्या हातात दोष नव्हता. कापड दुकानातून आलं तसंच मशीनवर गेलं, एवढंच झालं.

मीही हे करून बसलेय. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी रामबागेतल्या घरी दिवाणाच्या गादीला निळी खोळ शिवली होती. धुतल्यावर ती गादीवर चढवायला आम्ही नवरा-बायको दोघं एकेका टोकाला लटकत होतो. शेवटी गादी मधोमध वाकली ती कायमची. आमच्या सासूबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. शेजारणीला बोलावून दाखवली, बस.

पण तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य मला जास्त खटकलं. ‘अगदी अंगाला बसली होती.’ ब्लाउज अंगाला बसावा. खुर्चीची खोळ बसू नये. तुला ती दर आठ-पंधरा दिवसांनी, एका हाताला पोर लोंबकळत असताना, दोन मिनिटांत काढून पुन्हा चढवायची आहे. ओढाताण करावी लागणारी खोळ दुसऱ्या महिन्यापासून धुतली जात नाही, मग ती नुसती दुसरी मखमल होते. तेव्हा या खेपेला प्रत्येक गोष्ट ठरवताना एवढंच विचार, की ही मला एकटीला झटपट काढता येईल का. चेन नको. कडेला दोरीची पायपिन नको, दिसते छान पण जाड शिवणी पायाच्या मशीनवर घाम काढतात आणि वाळायलाही उशीर लावतात. जमिनीपर्यंत झालर तर अजिबात नको. मासिकातल्या फोटोत झालर छान दिसते, कारण त्या फोटोत कुणी रोज फरशी पुसत नाही. आपल्याकडे सकाळी पोछा लागला की झालरीचा काठ तिसऱ्या दिवशी काळा.

आता कापड. केसमेंट वाईट नव्हतं, तेच परत घेतलंस तरी चालेल. दसुती चालेल, जीन चालेल, हातमागाची जाड खादी चालेल. दुकानात कापडाचा एकच पदर उजेडाकडे धरून बघ. पलीकडची माणसं नीट दिसत असतील तर ते पडद्याचं कापड, बसण्याचं नाही. मुठीत चुरगळून सोड. घट्ट घड्या तशाच राहिल्या तर दर वेळी इस्त्री करावी लागेल. पॉलिस्टर मिसळलेलं कापड आटत नाही, चुरगळत नाही, दुकानदार तेच पुढे करेल. पण मखमल टोचते म्हणून तर हा खटाटोप, त्यावर पुन्हा पॉलिस्टर कशाला? एम. टी. क्लॉथ मार्केट मुळात ठोकचं, शीतलामाता बाजारात साड्या आणि ड्रेसच्या कापडाची गर्दी. तुला सव्वादोन मीटर हवंय, तेव्हा पडदे-सोफ्याच्या कापडाच्या दुकानात कटपीस विचार. त्या ढिगाऱ्यात पुष्कळदा चांगलं जाड कापड मिळून जातं.

बाग प्रिंटचा मोह होईल. इतक्या जवळ, धार जिल्ह्यात बाग, आणि तो लाल-काळा छाप मरूनच्या घरात शोभतोही. घे खुशाल, पण ड्रेसचं कापड पातळ असतं, त्याला आतून जुन्या चादरीचं अस्तर लावावं लागेल. शिवाय पहिल्या दोन-तीन धुण्यांत त्याचा जास्तीचा रंग निघतो, तो एकटाच धुवायचा, सासूबाईंच्या पांढऱ्या साडीबरोबर नव्हे.

आणि रंग सासूबाईंना निवडू दे. दुकानात नेता आलं नाही तर चार इंचांचे चार तुकडे मागून आण आणि खुर्चीवर ठेव. खुर्ची त्यांची, त्यातून सासऱ्यांनी करून घेतलेली. दिवाळीत तू त्यांना विचारलं होतंस का, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस.

कापड घरी आलं की कात्रीला हात लावायचा नाही. आधी एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बरोबर २० इंचांचा चौकोन धावदोऱ्यानं आखून घे. मग कापड बादलीभर पाण्यात रात्रभर भिजव. सकाळी पाणी गढूळ, किंचित चिकट दिसेल. ती खळ. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ देतात आणि दुकानात कापड कडक, भरदार वाटावं म्हणून वरून आणखी देतात. आपल्या इंदुरात मिलचं कापड घरोघरी होतं तेव्हा बायका नवीन लठ्ठ्याची खळ काढल्याशिवाय उशीचा अभ्राही शिवत नसत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि ती सवयही कुठेशी गेली. भिजवून झालं की पुढे जसं धुणार तसंच आत्ता धू. मशीनमध्ये गरम पाण्यात धुणार असशील तर आत्ताही गरम पाण्यातच, उन्हात वाळवणार असशील तर उन्हातच. विरळ विणीचं कापड असेल तर दोनदा. मग तो दोऱ्याचा चौकोन मोज. उभ्याला १९, आडव्याला साडेएकोणीस भरला तर काय टळलं ते तुला दिसेल. किंचित दमट असतानाच इस्त्री कर, कापड सरळ होतं.

कधी पॉपलिनच्या किनारीवर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का दिसेल. सॅनफोर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाच्या नावावरून तो शब्द आला. कापड गिरणीतच आटवून घ्यायची रीत त्यानं काढली, १९३० सालचं पेटंट आहे. तो शिक्का खरा असेल तर कापड शंभरात एकाहून जास्त आटत नाही. तरी मी धुतेच.

आता मापं. तू दिलीस ती टेपची मापं, पण खुर्ची सुताराची आहे, भूमितीच्या वहीतली नाही. म्हणून आधी एक काम कर. बसायची गादी आणि पाठ जिथे भेटतात तिथे हात घालून बघ. बोटं आत जातात का? जात असतील तर तिथे कापड खोचता येईल आणि बसल्यावर खोळ वर ओढली जाणार नाही. फट नसेल, मखमल तिथे खिळ्यांनी बंद केली असेल, तर पुढे मी खोचेचे ६ इंच धरलेत तिथे फक्त अर्धा इंच धर. नाहीतर ते सहा इंच गादीवर वळकटी होऊन पडतील आणि सासूबाई त्यावरच बसतील.

खोळ तीनच तुकड्यांची करायची. एक लांब पट्टा: खुर्चीच्या मागून खालून निघाला, पाठीवर चढला, वरून पुढे वळला, गादीपर्यंत उतरला, फटीत खोचला, गादीवरून पुढे आला आणि समोर खाली पडला. आणि दोन्ही बाजूंना एकेक बाजूचा तुकडा, त्याचा आकार काटकोनासारखा. उभा दांडा पाठीच्या जाडीचा, आडवा गादीच्या बाजूचा.

पट्ट्याची लांबी तुझ्या मापांनी: मागची उंची १५ आणि ५ मिळून २०, तिथे खाली नाडीच्या नेफ्याला २. पाठीची जाडी ३. पुढून उतरताना १५. खोच जाऊन-येऊन ६. गादी १७. समोर ५, त्यालाही नेफ्याला २. झाले ७०. हात राखून ७२ काप. रुंदी १८, दोन्ही शिवणींना पाऊण-पाऊण इंच माया आणि अर्धा इंच ढिलाई, म्हणजे २०. शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात ते उगीच नाही. या खेपेला माया अर्ध्या इंचावर आणू नकोस. पुढे कुठे सैल करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

बाजूच्या तुकड्यासाठी २२ इंच रुंद आणि २३ इंच उंच चौकोनात तो काटकोन बसतो. उभा दांडा साडेचार इंच रुंद ठेव, तीन इंच जाडी आणि दोन बाजूंची माया. आडवा भाग पावणेआठ उंच: पाच गादीची बाजू, दोन नेफा, वर पाऊण माया. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात पट्टा एका अंगाला, दोन काटकोन दुसऱ्या अंगाला एकाखाली एक. सव्वादोन मीटर आटल्यावरही पुरून उरतं. पन्हा ३६ इंची असेल तर सव्वातीन मीटर घे.

कापडावर छाप असेल तर कापण्याआधी थांब. हा पट्टा अखंड असतो, म्हणजे पुढच्या बाजूला कोयऱ्या सरळ उभ्या असतील तर मागच्या बाजूला त्या डोक्यावर उभ्या राहतील. खुर्ची भिंतीला टेकलेली असेल तर हरकत नाही. पण तुझी देवासमोर आहे, मागून येणाऱ्या-जाणाऱ्याला उलट्या कोयऱ्या दिसणार. अशा छापाला पट्टा पाठीच्या वरच्या कडेवर दोन तुकड्यांत काप, मागचा तुकडा फिरवून लाव, तिथे दोन्हीकडे पाऊण इंच माया जास्त धर. पट्टे, चौकडी किंवा साधा रंग असेल तर हा प्रश्नच नाही. पहिल्या खेपेला साधा रंग घे, असं माझं मत.

आधी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून तिन्ही तुकडे काप. मग एखाद्या जुन्या चादरीचे तसेच काप. जुनी चादर आधीच आटून बसलेली असते, चुकलं तर हळहळ वाटत नाही. ते तुकडे उलटी बाजू बाहेर करून खुर्चीवर चढव आणि कडेकडेनं टाचण्या लाव. कुठे ओढतंय, कुठे फुगतंय ते दिसेल, तिथे खडूनं खूण कर. एक सांगते, उलट्या बाजूनं बसवलेलं कापड सुलट केलं की डावं उजवीकडे जातं. तुझी खुर्ची दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर काही बिघडत नाही. पण जुन्या खुर्चीची गादी बसून बसून एका अंगाला दबलेली असते. सासूबाई जपाला एकाच अंगाला कलून बसत असतील तर नक्कीच. तसं असेल तर बाजूच्या तुकड्यांवर आधीच ‘डावा’, ‘उजवा’ लिहून ठेव आणि शेवटची टाचणी सुलट बाजूनं लावून बघ. टाचलेल्या चादरीवर सासूबाईंना एकदा बसव आणि उठव. बसायच्या जागेवरच्या टाचण्या मात्र आधी मोजून काढ.

मशीनला १६ नंबरची सुई घाल, परकराला वापरतेस ती बारीक सुई जाड केसमेंटच्या चार पदरांत मोडते. दोरा पॉलिस्टरचा घे, सुती दोरा पुढे झिजतो. टीप फार बारीक नको, उसवावी लागली तर रडशील.

शिवायची सुरुवात खोचेपासून. पट्ट्यावर खोचेची जागा शोध, तिथे कापड सुलट आत ठेवून दुमड आणि त्या घडीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन इंचांची टीप मार, वरची पाऊण इंच सोडून. आता बाजूचा काटकोन घे. त्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे उभा दांडा आणि आडवा भाग भेटतात, मायेत तिरकी चीर दे, टिपेच्या रेघेच्या दोन धागे अलीकडे थांबून. दोन्ही वेळा टीप याच कोपऱ्यापासून सुरू कर. एकदा कोपऱ्यातून वर पाठीकडे, वळून मागे खाली. दुसऱ्यांदा कोपऱ्यातून पुढे गादीच्या कडेनं, वळून समोर खाली. एका दमात खालून वरून शिवत आलीस तर चूक सगळी त्या कोपऱ्यात येऊन साठते आणि तिथे चुणी पडते. बाहेरच्या कोपऱ्यांवर, पाठीच्या वर आणि गादीच्या पुढे, पट्ट्याच्या मायेला एकेक चीर दे, सुई कापडात रोवून ठेव, दाबपट्टी उचल आणि कापड वळव. जिथे चार पदर येतील तिथे पाय थांबव आणि चाक हातानं फिरव.

खाली नेफा. पण खुर्चीचे पाय चार कोपऱ्यांना आहेत, सलग नेफा पायांवर अडकेल. म्हणून चारही कोपऱ्यांच्या शिवणी खालच्या दोन इंचांत शिवायच्याच नाहीत. तिथे एक आडवी परतटीप मारून थांब. खाली चार मोकळे पदर लोंबतील, समोर एक, मागे एक, बाजूंना दोन. आधी त्यांच्या उभ्या कडा दुमडून शिव, मग प्रत्येकाचा वेगळा नेफा. परकराची सुती नाडी चारही नेफ्यांतून ओव, प्रत्येक पायाच्या आतल्या बाजूनं जाऊ दे आणि मागे गाठ मार. अडीच मीटर नाडी लागेल. हो, नाडीही आधी धू, ती कापडापेक्षा जास्त आटते.

मागच्या एका शिवणीत खालून १२ इंच उघडं ठेवायचं, दोन्ही कडा दुमडून, आणि नाडीच्या दोन जोड्या लावायच्या. तुझी पाठ वरून खालपर्यंत सारख्या रुंदीची असेल तर खोळ टोपीसारखी सरळ उतरेल, उघडीची गरज नाही. पण सुतारानं पाठ वर थोडी फुगवली असेल तर उघडीशिवाय ती उतरायची नाही. चादरीचा नमुना काढताना हे कळेल. चेनऐवजी नाड्या, कारण नाडी सैल बांधता येते. कापड उद्या आणखी पाव इंच आटलं तरी नाडीला काही वाटत नाही.

कडा मोकळ्या ठेवू नकोस, दहा धुण्यांत दोरे सुटून माया खाऊन टाकतात. गल्लीत कुणी पिको-फॉलवाली असेल तर तिच्याकडून इंटरलॉक करून आण, तुकडे कापल्या कापल्या, शिवण्याआधी.

आणि एक खिसा. उजव्या बाजूच्या तुकड्यावर, त्या पाच इंचांत मावेल असा, दिवाळीच्या खोळीतलं कापड उसवून. जपमाळ आणि चष्मा त्यात राहतो. माझ्या सासूबाईंनी माझी दुसरी खोळ खिशामुळे मान्य केली होती, रंग त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही.

खोळ चढवण्याआधी खुर्चीचा वास घालव. सहा महिन्यांचं दूध मखमलीखालच्या फोममध्ये मुरलंय, त्यावर नवं कापड घातलंस तर आठ दिवसांत खोळीलाही तोच वास. खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेव, सकाळी मऊ ब्रशनं झटकून काढ आणि दोन दिवस गच्चीवर सावलीच्या कडेला वाऱ्याला ठेव. भर उन्हात मखमलीचा रंग उडतो. मग गादीवर, खोळीच्या खाली, मुलाच्या पाळण्यातली जुनी ड्राय शीट कापून अंथर. खोळ दूध थांबवत नाही गं, ते आरपार जातंच. खोचेच्या फटीत जुन्या ओढणीची घट्ट गुंडाळी दाबून ठेव, खोळ जागची हलत नाही.

धुताना दुधाच्या डागावर गरम पाणी ओतू नकोस, दूध शिजून धाग्याला धरतं. आधी गार पाणी. पोह्यांच्या हळदीवर साबण लागला की डाग लाल होईल, दचकू नकोस. साबणाच्या क्षारानं हळद लाल होते, धुऊन काढलं की परत पिवळी. उरलेला पिवळा डाग चोळत बसू नकोस. ओल्या खोळीचा तेवढाच भाग उन्हाकडे कर, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. बाकीची खोळ उलटी करून वाळव. तुपाचा डाग असेल तर आधी कोरडं बेसन चोळ, मग भांड्यांचा साबण. बोरिंगच्या पाण्यात साबण फेसत नाही आणि कापड राठ होतं, म्हणून शेवटचं पाणी तरी नर्मदेच्या नळाचं घे.

काही जणी खोळ ओलसर असतानाच चढवतात, म्हणजे इस्त्री लागत नाही. साध्या कापडाच्या खुर्चीवर ते ठीक. मरून मखमलीवर नको, तिचा रंग ओल्या सुती कापडाला लागतो.

पहिली खोळ दोन वेळा धुऊन बसली की त्याच कागदांवरून दुसरी काप. पावसाळ्यात एक वाळायला दोन दिवस घेते, आणि सासूबाईंना जपाला रोज बसायचंय. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलेली मंडळी गुलालासकट घरात शिरतात, त्या दिवशी जुनी चादरीची खोळ चढव. नमुन्याची टाचण काढून तिलाच टीप मारलीस की ती तयारच आहे.

कापून उरलेला तुकडा फेकू नकोस. तुझ्या मापात साधारण दोन फूट उरेल. त्याच्या कडा दुमडून घे आणि दर वेळी खोळीबरोबर तोही धू, तोही उन्हात घाल. वर्षभरानं मुलगा खोळीला भोक पाडेल तेव्हा ठिगळाला खोळीइतकंच विटलेलं कापड हाताशी असेल.

— मावशी